बाई कोणाच्या घरी गेली

फाट्यावर एसटीतून उतरले तर महादेव चहावाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच स्टोव्हला पंप मारायला लागला. एरवी मला पाहिलं की हा माणूस टपरीबाहेर येऊन हातातली पिशवी घ्यायचा. आज त्याचा पंप काही संपेना.

"काय रे महादेव, लय कामात दिसून रायला?" मी म्हटलं.

"बसा, बाई." त्याने न विचारताच चहा ओतला आणि खाली बघत म्हणाला, "सुखदेवचं तुमी असं करान, असं वाटलं नोतं. राखी बांधत होत्या ना तुमी त्याले?"

"काय केलं मी सुखदेवचं?"

"त्याले पलीकडच्या नाक्यावर धरलं ना सोमवारी. जामिनावर सुटून आला बी. पण तुमी काई त्याच्या घरी गेल्या नाई. मंग काय, लोक समजले."

"अरे, मी गावातच नोती. लेकीकडे गेली होती."

गाळणी धरलेला त्याचा हात थांबला. आता कुठे त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हे कोणालेच मालूम नाई, बाई," तो म्हणाला.

चहा तसाच ठेवून मी उठले.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सांगते. आमचा धंदा दारूचा होता. नदीच्या अलीकडे परवान्याची दुकानं, पलीकडच्या जिल्ह्यात दारूबंदी. बंदी झाली म्हणून तिकडच्या लोकांची तहान थोडीच जाते? माझा नवरा पुंजाराम जातीचा भोई, नदी त्याला अंगणासारखी. त्याने मासे सोडले आणि डोंग्यातून पेट्या न्यायला लागला. पहिल्या वर्षी एक डोंगा, आणि तो, सुखदेव अन आणखी दोघं. चौघं माझ्याच चुलीवर जेवायचे. कोणाला किती तिखट लागतं हे मला पाठ होतं.

पहिल्यांदा धरला गेला तो सुखदेवच. त्याची बायको गंगू तेव्हा ओली बाळंतीण, घरात पीठ नाही. मी टोपलीत ज्वारीचं पीठ, डाळ, मीठ-मिरची घातली, वर गुळाचा ढेला ठेवला आणि दिवस मावळायच्या आत डोक्यावर घेऊन बाजारातून निघाले. त्यात काही अक्कल नव्हती. लेकरू उपाशी राहू नये, एवढंच. पण नंतर दुसरा धरला गेला तेव्हा त्याच्याही घरी जावं लागलं, मग तिसऱ्याच्या. तिकडे कोठडीत बसलेल्या माणसाला कळायचं, की बाई घरी जाऊन आली, चूल पेटली. मग पोलिसांनी किती का मारेना, तो तोंड उघडायचा नाही.

एकाने मात्र उघडलं. त्याच्या घरी मी गेले नाही. मी कोणाला सांगितलं नाही की हा फितूर आहे. संध्याकाळपर्यंत टोपली आली नाही म्हणताच गाव समजलं, आणि तो बायकापोरं घेऊन रातोरात निघून गेला. तेव्हापासून पद्धतच पडली. कोणी धरला गेला की लोक एकच विचारायचे, बाई गेली का?

मग धंदा वाढला. पावसाळ्यातल्या भोपळ्याच्या वेलासारखा, कुठून कुठे जाईल पत्ता लागू नये असा. एका घाटाचे तीन घाट झाले. चार माणसं होती तिथे सत्तरऐंशी झाली, कोणत्या गावची कोण जाणे. यांनी जिनिंग फॅक्टरीतून निघालेला एक इंगोले आणून बसवला. त्याला सगळे मॅनेजर म्हणायचे. त्याने घाटाघाटावर मुकादम नेमले आणि नियम घातला, की एका घाटाच्या माणसाला दुसऱ्या घाटाचा माणूस माहीत नको. धरला गेला तरी सांगणार कोणाचं नाव? अक्कल चांगली होती. फक्त माझ्या ओसरीवर जेवणारी पोरं मला ओळखीनाशी झाली. एकदा एकाने मलाच विचारलं, "काकू, बाई कुठी रायते?" मी म्हटलं, "रायते इथंच, आधी भाजी घे." आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो, हेही.

तर त्या आठवड्यात यांनी मला लेकीकडे धाडलं होतं. तिचं दुसरं बाळंतपण, सासरीच होणार होतं. "तिचा निरोप आला, आत्ताच्या आत्ता नीघ," म्हणून जीपच दारात उभी केली. जाऊन बघते तर लेक अंगणात सडा घालतेय, आणि दिवस भरायला अजून महिना. ती म्हणाली, "मी कुठी निरोप धाडला, आई?" आम्ही मायलेकी हसलो. पुरुषांना महिने मोजता येतात का कधी, असं मी म्हटलं. आलेच होते म्हणून चार दिवस राहिले आणि एसटीने परत फिरले. येणार म्हणून कळवलंही नव्हतं.

घरी पोचले तर हे ओसरीवर इंगोलेशी बोलत होते.

"तू कशी आली?" यांनी विचारलं.

"एसटीनं. सुखदेवच्या घरी कोण गेलं होतं?"

"तू नोती ना."

"मी नोती तर धाकली जाऊ होती, तुमी होते. लोक त्याले फितूर म्हणून रायले. फाट्यावरचा महादेव म्हणते."

"लोकाइचं काय." यांनी पानाला चुना लावला. "नाक्यावर त्याले कोणी हात नाई लावला. दोन दिवसांत सुटला. काहून सुटला, हे बी पाह्यलं पायजे ना?"

"तुमी बी सुटले होते त्या वर्षी दोन दिवसांत. मंग?"

इंगोले खोकला. हे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "थकली असशीन," म्हणाले. "आज आराम कर. उद्या जाजो शिधा घेऊन."

सुखदेव आणि यांचं मागच्या महिन्यापासून बिनसलेलं होतं, ते मला माहीत होतं. तीन घाटांना पुरेल इतका दुकानचा माल मिळत नव्हता. इंगोलेने कुठून तरी स्पिरिटचे कॅन आणायचं ठरवलं होतं. पाणी घालायचं, रंग घालायचा, एका कॅनच्या किती बाटल्या. सुखदेव माझ्या चुलीपाशी बसून म्हणाला होता, "बाई, पलीकडं एका गावात दोन माणसं आंधळी झाली हे पिऊन. माह्या डोंग्यात मी नाई नेत." त्याने नाही म्हटलं तसे गावातले सगळे भोई नाही म्हणाले. डोंगे त्यांचे, नदी त्यांना ठाऊक. यांनी सुखदेवला धमकावलं असतं तर सगळे भोई उठले असते. म्हणून ते गप्प बसले, असं मला वाटलं होतं. गोष्ट मिटली, असंही वाटलं होतं.

उद्यापर्यंत थांबणं माझ्या स्वभावात नाही. डबा उघडला तर पीठ नाही. शेजारणीकडून ज्वारीचं पीठ घेतलं, बाकीचं घरचं. गुळाचा ढेला शोधून शोधून मोठा काढला आणि अगदी वर ठेवला. टोपली डोक्यावर घेऊन ओसरीवरून निघाले तेव्हा हे उठून उभे राहिले होते. पण सगळ्यांसमोर मला अडवणार कसे?

दुपार होती. माणसं कापूस वेचायला गेलेली, बाजारात म्हातारेकोतारे तेवढे. मी मुद्दाम मधल्या रस्त्याने गेले, पदर खांद्यावर, तोंड उघडं. बघा म्हटलं, डोळे भरून बघा. भोईपुऱ्यात शिरले तशा बाया दारात आल्या. एका म्हातारीने दोन्ही हात कपाळाला लावले आणि आत गेली. मला काही ते कळलं नाही.

गंगू दारातच बसली होती. टोपली पाहिली आणि ती रडायलाच लागली.

"आली वं बाई तू. मी याइले म्हणत होती, बाई असं नाई करत." डोळे पुसत ती म्हणाली, "बस. आत्ताच गेले ते."

"कुठी गेला?"

"तीन पोट्टे आले होते. म्हणे, भाऊनं पलीकडच्या घाटावर बोलावलं हाये. चार दिवस झाले, जेवले नोते ते नीट. निरोप आला तसे हासले. म्हणे, भाऊनं बोलावलं म्हणजे मिटलं समज."

"कोणते पोट्टे?"

"नव्या घाटाचे. मी नाई ओळखत."

भाऊ म्हणजे आमचे हे, आणि त्यांना तर मी आत्ताच ओसरीवर पान खाताना सोडून आले होते. पलीकडच्या घाटावर कोण होतं मग बोलवायला?

टोपली तशीच डोक्यावर घेऊन मी घाटाकडे पळाले. पन्नाशीला टेकलेली बाई मी, पळणं कसलं, पण जेवढं होईल तेवढं पळाले. घाटावर एक डोंगा नव्हता. एरवी चार-पाच उलटे पडलेले असायचे. सगळे त्या दिवशी वरच्या घाटाला मागवून घेतले होते, हे मला नंतर कळलं.

एकच डोंगा होता, नदीच्या मध्यावर. तीन पोरं आणि पुढच्या टोकाला सुखदेव, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला. वल्हं एका पोराच्या हातात होतं. सुखदेव डोंग्यात असताना वल्हं दुसऱ्याच्या हातात मी कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा रे," मी ओरडले. "मी आली. शिधा आणला, हे पाहा, शिधा."

टोपली दोन्ही हातांनी वर धरली. पाणी शांत होतं, आवाज जात-येत होता. वल्हं थांबलं. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"कोण हाये थे बुढी?" एकाने विचारलं.

"मालूम नाई," दुसरा म्हणाला. "असंन त्याची बहीण-गिहीन."

त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं. बाईने शिधा नेला नाही की माणूस फितूर, एवढं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. बाई कशी दिसते हे सांगायचं राहून गेलं होतं.

सुखदेवने मात्र मला ओळखलं. तो पोरांकडे वळून काहीतरी बोलला. एकजण हसला. मग सुखदेवने माझ्याकडे तोंड करून हात जोडले. मला वाटलं, उडी मार, बाबा. त्या नदीत त्याच्याइतकं पोहणारा कोणी नव्हता. पण टोपली दिसली होती ना त्याला. बाई आली म्हणजे आता काही भीती नाही, असंच त्याला वाटलं असेल. वल्हं पुन्हा पाण्यात पडलं आणि डोंगा बेटामागे गेला. मी काठाकाठाने नाल्यापर्यंत गेले. पुढे वाट नव्हती. मी तिथेच बसून ओरडत राहिले.

दोन दिवसांनी तो खालच्या अंगाला लव्हाळ्यात सापडला. पोहताना बुडाला, असं कागदावर लिहिलं गेलं.

पण त्या संध्याकाळीच मी घरी गेले तेव्हा मला सगळं ठाऊक झालं होतं. हे अंगणात पाय धूत होते.

"त्या पोट्ट्यायले तुमी धाडलं?"

"मी कोणाले काई बोललो नाई," हे म्हणाले. "विचार कोणाले बी. सुखदेवबद्दल एक शब्द नाई काढला मी."

आणि ते खरं होतं. त्यांना बोलायची गरजच नव्हती. माणूस नाक्यावर पकडून द्यायला एक निरोप पुरतो. आणि मला बाळंतपणाच्या महिनाभर आधी लेकीकडे धाडायला एक जीप पुरते.

"लेकीनं निरोप धाडलाच नोता," मी म्हटलं.

तांब्यातलं पाणी संपलं होतं तरी हे पायावर तांब्या धरून उभे होते. मग खाली ठेवून खाटेवर बसले आणि मला समजवायला लागले, लहान पोराला समजवतात तसं. "चार माणसं असली का जीव लावून भागते, अनसूये. शंभर माणसं मले ओळखत बी नाई. त्याइले धरून ठेवाले भेव पायजे. सुखदेवचं ऐकून भोई बसून गेले असते, मंग नव्या घाटाचे बसले असते, अन मंग सगळंच बसलं असतं. आता कोणी नाई म्हणणार नाई. अन हात कोणाचा? कोणाचाच नाई."

माझा हात, मी मनात म्हटलं. माझी टोपली होती ती. लेकराच्या तोंडात घास पडावा म्हणून काढलेली टोपली, आणि या माणसाने तिचा सुरा केला, तेही मी घरात नसताना. मला इतकी किळस आली, की मी त्यांच्याजवळून उठून गेले.

सुखदेवचं दहन झालं तशी मी गंगूकडे गेले आणि तिथेच राहिले. गंगूने पहिल्यांदा मला आत घेतलं नाही, ओसरीवर बसू दिलं. तिची काय चूक? दुसऱ्या दिवशी तिनेच आतून पाणी आणून दिलं. मी तिची चूल सारवली आणि भाकरी टाकायला बसले. आमच्या ओसरीवर जेवणाऱ्या पोरांना मी म्हटलं नाही, की तिकडे जाऊ नका. यांच्याबद्दल चांगलं नाही, वाईट नाही, एक अक्षर काढलं नाही.

पण गाव बघत होतं. सकाळी भोईपुऱ्यातल्या त्या झोपडीतून धूर निघायचा, आणि भाऊच्या एवढ्या मोठ्या घरातून निघायचा नाही. धाकट्या जावेनेही चार दिवस वाट पाहिली आणि माहेरची वाट धरली. बाजारात एकाने दुसऱ्याला विचारलं, बाई भाऊच्या घरी काहून नाई? दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं, भाऊनं काई तरी सांगितलं असंन वर. तिसऱ्या घाटापर्यंत जाईतो गोष्ट पक्की झाली, की भाऊ फुटला, सगळ्यांची नावं देऊन बसला, म्हणून बाईनं घर सोडलं. त्याच आठवड्यात नाक्यावर दोन जीपगाड्या धरल्या गेल्या. त्या नुसत्याच धरल्या गेल्या असतील. पण आता कोण ऐकतं? इंगोले सगळ्यांत आधी पळाला, शहाणा माणूस.

एक दिवस हे गंगूच्या दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. मी भाकर थापत होते. गंगू कांदा चिरत होती, तिने मान वर केली नाही.

"घरी चाल," हे म्हणाले.

मी भाकर तव्यावर टाकली.

"तीन पोट्टे आले होते सकाळी." आवाज खाली आला. "म्हणे, भाऊ, तुमाले पलीकडच्या घाटावर बोलावलं हाये. मी म्हटलं, येतो मागून. ते अजून फाटकाशी उभे हाये, अनसूये." मग म्हणाले, "तू फक्त घरी ये. चूल पेटव एक डाव. बाजारातून चाल माह्यासंग. काई बोलू बी नको."

आजूबाजूच्या बाया दारात आल्या होत्या. माझा नवरा होता तो. तीस वर्षं त्याच्या ताटात वाढलेलं होतं. जीव तुटला नाही असं सांगितलं तर खोटं होईल.

"तुमी बोला पयले," मी म्हटलं. "सुखदेव फितूर नोता, एवढं म्हणा. मोठ्यानं म्हणा, या सगळ्याइले ऐकू जाईन असं. मंग येतो मी."

ते गंगूकडे बघत राहिले. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. तेवढं एक म्हटलं असतं तर मी पिठाचे हात घेऊन त्यांच्या मागे निघाले असते, खरंच निघाले असते. पण ते म्हटल्यावर त्या पोरांनी सुखदेवला कशाला नेलं, हे कोणी तरी विचारलंच असतं. हे दिसत होतं त्यांना. वळले आणि घराकडे न जाता मागच्या शेतातून फाट्याकडे निघाले.

मी तव्यावरची भाकर उतरवली. गंगूने कांदा बाजूला सारला. एका फडक्यात तिनेच ती भाकर ठेवली, वर मिरचीचा ठेचा, गाठ मारली आणि माझ्यासमोर धरली.

"जाय, बाई," ती म्हणाली. "गाडी येईस्तोवर बसून असन तो फाट्यावर. तुहा नवरा हाये. लोक पाह्यतीन तुले जाताना, तर सोडतीन त्याले."

मी फडकं घेतलं. उंबऱ्यापर्यंत गेले. भोईपुऱ्यातल्या सगळ्या बाया बघत होत्या, आणि फाट्याची वाट नदीच्या काठावरून जाते. तिथून ते बेट दिसतं.

मी परत येऊन चुलीपाशी बसले आणि गाठ सोडली. भाकरीचे दोन तुकडे केले, एक गंगूच्या हातात दिला. ती खूप वेळ तो हातात धरून बसली. मग आम्ही दोघींनी ती भाकर खाल्ली.